झडपेची वेळ : फिलाडेल्फियाच्या वाफेपासून व्हीटेकपर्यंत

व्हीटेक, व्हीव्हीटी-आय, व्हॅनोस. मोटारींच्या पत्र्यावर आणि माहितीपत्रकांत मिरवणारी ही नावे १९८० नंतरची; त्यांच्यामागची कल्पना मात्र १८४० च्या दशकातली. इंजिनाच्या व्हॉल्व्हने केव्हा उघडावे आणि केव्हा मिटावे, हे कामाच्या गरजेप्रमाणे बदलता आले पाहिजे, ही गोष्ट वाफेच्या काळातील कारागिरांना पक्की ठाऊक होती. मग पेट्रोलच्या मोटारीला ती शिकायला जवळजवळ एक शतक का लागले? या प्रश्नाचा हा दीर्घ थ्रेड.

१० मे १८७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फिया येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचा पहिला दिवस. यंत्रदालनाच्या मध्यभागी सुमारे ४५ फूट उंचीचे, १,४०० अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन उभे होते. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट आणि ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रू यांनी त्याच्या कळा फिरवल्या, आणि जमिनीखालून गेलेल्या दंडांच्या जोरावर दालनातील यंत्रे चालू झाली. इंजिन र्‍होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरच्या जॉर्ज कॉर्लिसचे होते.

त्याच वर्षी जर्मनीत, कोलोनजवळच्या डॉइट्झ येथे, निकोलाउस ओटोने चार स्ट्रोकचे वायूवर चालणारे इंजिन सिद्ध केले. आजचे पेट्रोल इंजिन त्याचेच वंशज.

एकाच वर्षीची ही दोन इंजिने मनातल्या मनात शेजारी ठेवली की एक विसंगती नजरेत भरते. ज्याचे दिवस भरत आले होते ते वाफेचे इंजिन व्हॉल्व्हच्या बाबतीत चतुर होते. ज्याच्यापुढे सारे भविष्य पसरले होते ते ओटोचे इंजिन या बाबतीत अगदी बाळबोध होते. वारसाने घराणे चालवले, पण घराण्याची एक विद्या मात्र घेतली नाही.

ती विद्या कोणती, हे समजण्यासाठी आधी वाफेकडे जावे लागते. सिलिंडरात वाफ सोडली की पिस्टन ढकलला जातो. पिस्टन टोकाला पोहोचेपर्यंत वाफ सोडत राहिले तर जोर भरपूर मिळतो, परंतु शेवटी भरपूर दाब शिल्लक असलेली वाफ तशीच बाहेर फेकावी लागते; म्हणजे तेवढा कोळसा वाया. पिस्टन थोडासा सरकताच वाफेचा पुरवठा तोडला, तर आत कोंडलेली वाफ स्वतः पसरत उरलेले काम फुकटात करून देते. जेम्स वॉटने हे तत्त्व १७८२ च्या पेटंटात नोंदवले होते. वाफ तोडण्याच्या या क्षणाला ‘कट-ऑफ’ म्हणत. कट-ऑफ लवकर, तर काटकसर. उशिरा, तर ताकद.

रेल्वे इंजिनाला दोन्ही हवे असते. डबे हलवताना सगळी ताकद लागते, आणि एकदा गाडी वेगात आली की काटकसर परवडते. १८४२ मध्ये न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात यावर उपाय सापडला. विल्यम विल्यम्स हा तेथे नकाशे काढणारा आणि विल्यम हाऊ हा लाकडी साचे करणारा कारागीर. या दोघांच्या डोक्यातून खाच असलेल्या एका वक्र पट्टीची यंत्रणा निघाली. ड्रायव्हरने दांडा पुढे-मागे केला की पट्टी सरके आणि व्हॉल्व्हची हालचाल बदले. दांडा टोकाला असताना पूर्ण ताकद. गाडीने वेग घेतला की दांडा हळूहळू मधल्या खुणेकडे आणायचा. इतिहासाने या यंत्रणेला नाव दिले ते ‘स्टीफन्सन व्हॉल्व्ह गियर’. कारखान्याच्या मालकाचे नाव टिकले, साचे करणाऱ्याचे तळटिपेत गेले. दोन वर्षांनी बेल्जियममध्ये एझिद वॉलशार्ट्स या रेल्वे कामगाराने याहून सुटसुटीत रचना शोधली, आणि तिचे पेटंट तर दुसऱ्याच माणसाच्या नावे नोंदले गेले! सुदैवाने पुढे त्याचे नाव परत मिळाले. स्वतंत्र भारतात वर्षानुवर्षे मेल-एक्स्प्रेस ओढणाऱ्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनांच्या चाकांशेजारी जे दांडे मागे-पुढे होताना दिसत, त्यांत हेच वॉलशार्ट्स गियर होते.

कॉर्लिसने १८४९ च्या पेटंटात एक पाऊल पुढे टाकले. तोवर कारखान्यातील इंजिनाचा वेग आवरण्याची पद्धत एकच होती. भार कमी झाला की गव्हर्नर वाफेच्या नळीतील पडदा अर्धवट बंद करी. हा थ्रॉटल. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच गळा आवळणे असा आहे, आणि घडतेही तेच. कष्टाने, कोळसा जाळून वाढवलेला दाब सिलिंडरात पोहोचण्याआधीच मारला जातो. कॉर्लिसने गळा मोकळा सोडला. वाफ नेहमी पूर्ण दाबाने आत येई. गव्हर्नर फक्त आत येणारा व्हॉल्व्ह किती लवकर मिटायचा, एवढेच ठरवी. भार कमी, तर व्हॉल्व्ह लवकर मिटे. म्हणजे नियंत्रण दाबाने नव्हे, वेळेने.

सूतगिरण्यांच्या मालकांना याचा दुहेरी लाभ झाला. कोळसा वाचला, आणि वेग इतका एकसारखा राहू लागला की धागा तुटण्याचे प्रमाण घटले. कॉर्लिस व्यवहारातही पक्का होता. इंजिनाची किंमत कोळशाच्या बचतीतून वसूल करून घेण्याची तयारी तो दाखवी. वॉट आणि बोल्टन यांनीही पूर्वी बचतीचा एक-तृतीयांश भाग घेऊन असाच धंदा केला होता. पेटंटावरून कॉर्लिसची कोर्टबाजी मात्र वर्षानुवर्षे चालली. फ्रेडरिक सिकल्सने १८४२ मध्येच व्हॉल्व्ह झटक्यात सोडून देणाऱ्या कट-ऑफचे पेटंट घेतले होते, त्यामुळे श्रेय कोणाचे हा वाद सोपा नव्हता. फिलाडेल्फियाचे ते अवाढव्य इंजिन पुढे शिकागोजवळच्या पुलमन यांच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात गेले आणि १९१० मध्ये भंगारात विकले गेले.

त्या वेळेपर्यंत रस्त्यावर मोटारी धावू लागल्या होत्या, आणि त्यांच्यातले व्हॉल्व्ह कॉर्लिसच्या आधीच्या जमान्यात वावरत होते. अगदी सुरुवातीच्या मोटारींत तर हवा आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला चालवणारे काहीच नव्हते. एक नाजूक स्प्रिंग, आणि पिस्टन खाली जाताना होणारे शोषण. त्याने व्हॉल्व्ह उघडला तर उघडला. विल्हेल्म मायबाखने रचलेल्या १९०१ च्या मर्सिडीजमध्ये इनलेट व्हॉल्व्हही कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरील उंचवट्याने, ठरलेल्या क्षणी उघडू लागले. ही मोठीच सुधारणा होती. पण कॅम लोखंडाचा. त्याचा आकार एकदा घासून ठरला की ठरला. व्हॉल्व्हची वेळ कारखान्यात पक्की होई आणि मोटार भंगारात जाईपर्यंत तीच राही.

यात बिघडते काय? चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन खाली जाताना इंधन-हवेचे मिश्रण आत येते, वर येताना दाबले जाते, ठिणगीने पेटून पिस्टनला खाली रेटते, आणि पुढच्या वर येण्यात जळका वायू बाहेर जातो. कागदावर पाहिले तर पिस्टन तळाशी पोहोचला की इनलेट व्हॉल्व्ह मिटायला हवा. प्रत्यक्षात हवेलाही वजन असते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एक स्ट्रोक अवघ्या पाच हजारांश सेकंदात उरकतो. इतक्या घाईत आत धावणारी हवा पिस्टन तळाला टेकून वर फिरला तरी आपल्या वेगाने आत घुसतच असते. म्हणून वेगवान इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटवतात. हेच इंजिन सिग्नलला उभे राहून ८०० फेऱ्यांवर घुटमळू लागले की हवेत ती धाव उरत नाही. तेव्हा उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह म्हणजे उघडे राहिलेले दार. आत आलेले मिश्रण वर येणारा पिस्टन पुन्हा बाहेर ढकलून देतो.

दुसरी अडचण ‘ओव्हरलॅप’ची. जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटण्याआधीच इनलेट उघडला, तर काही क्षण दोन्ही उघडे असतात. वेगात याचा फायदा होतो, कारण बाहेर धावणारा वायू आपल्यामागे ताजे मिश्रण ओढून घेतो. मंद गतीत मात्र उलटापालट होते. जळका वायू इनलेटमध्ये शिरतो, काही ताजे इंधन न जळताच एक्झॉस्टमधून निसटते, आणि इंजिन थरथरू लागते. शर्यतीच्या मोटारी उभ्या असताना ज्या गुरगुरतात, त्या गुरगुरण्यात या ओव्हरलॅपचा वाटा मोठा.

म्हणून प्रत्येक अभियंत्याला निवड करावी लागे. शर्यतीचा कॅम घ्यायचा की घरगुती? एकाच इंजिनात दोन्ही बसत नव्हते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. कॉर्लिसची यंत्रणा संथ इंजिनांसाठी होती. फिलाडेल्फियाचे इंजिन मिनिटाला जेमतेम ३६ फेरे घेई. मोटारीचा व्हॉल्व्ह ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला पन्नास वेळा उघडतो. जुनी यंत्रणा उचलून येथे बसवणे अशक्यच होते. हा आक्षेप खरा आहे, पण पुरेसा नाही. कारण प्रयत्न फार लवकर झाले होते. १९०३ च्या एका सिलिंडरच्या कॅडिलॅकमध्ये अलॅन्सन ब्रश याने इनलेट व्हॉल्व्हची हालचाल कमी-जास्त करूनच इंजिनाचा वेग आवरला होता. त्याच्या पेटंटावर १९०४ चा शिक्का आहे. कल्पना होती, कारागिरी होती. नव्हती ती निकड. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड फवारा उसळला, आणि पुढची कित्येक दशके अमेरिकेत पेट्रोल स्वस्त राहिले. ताकद कमी पडली तर इंजिन मोठे करायचे. थ्रॉटलने गळा आवळल्याने वाया जाणारे इंधन कोणाच्या खिशाला जाणवत नव्हते.

जेथे इंधन महाग होते, तेथे काय घडले हे पाहिले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. विमानात इंधनाची किंमत पैशात नव्हे, वजनात मोजतात. १९२० च्या दशकातील ब्रिस्टल ज्युपिटर या विमानाच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलण्याची सोय होती. दुसऱ्या महायुद्धात लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानांसाठी अमेरिकेत लायकमिंग कंपनीने एक्सआर-७७५५ हे ३६ सिलिंडरांचे, सुमारे १२७ लिटरचे, ५,००० अश्वशक्तीचे इंजिन बांधले. त्याचे कॅमशाफ्ट बाजूला सरकवता येत. एक स्थिती उड्डाणाच्या ताकदीसाठी, दुसरी दूरच्या प्रवासातील काटकसरीसाठी. १९४४ मध्ये चाचण्या सुरू झाल्या, तोवर जेट इंजिने दारात उभी होती. प्रकल्प गुंडाळला गेला आणि इंजिन संग्रहालयात पोहोचले.

मोटारीची निकड आली ती हवेतून. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे धुरके इतके दाटून आले की अनेकांना शत्रूच्या वायुहल्ल्याचा संशय आला. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलटेक या संस्थेतील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी दाखवून दिले की, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की हे धुरके तयार होते. न जळलेल्या हायड्रोकार्बनचा मोठा उगम मोटारीच्या धुराड्यात होता, आणि त्यातला एक हिस्सा ओव्हरलॅपमधून निसटणारा. तोवर अभियंत्याच्या दृष्टीने क्षुल्लक असलेली गळती आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाली. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने अमेरिकेत १९७५ च्या मोटारींपासून हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी घटवण्याचे फर्मान काढले. (मुदती पुढे ढकलल्या गेल्या, हा भाग निराळा, डेट्रॉइटने त्यासाठी जिवाचे रान केले.) ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले. १९७५ मध्ये अमेरिकी संसदेने मोटारींच्या सरासरी मायलेजवरही कायदा केला. तीन बाजूंनी कोंडी झाली.

इटलीत याची चाहूल आधीच लागली होती. फियाटमधील जोव्हान्नी तोराझ्झा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची वेळ आणि उचल दोन्ही बदलणारी यंत्रणा आखली. अमेरिकी पेटंट १९७२ चे. ती कोणत्याही विक्रीच्या मोटारीत बसली नाही.

बसली ती अल्फा रोमिओची. या कंपनीची अडचण मोठी नमुनेदार होती. तिची सारी प्रतिष्ठा दोन कॅमशाफ्टच्या, उच्च फेऱ्यांवर गाणाऱ्या इंजिनांवर उभी. अशा इंजिनाला भरपूर ओव्हरलॅप हवा, आणि अमेरिकेचा कायदा नेमका त्याच ओव्हरलॅपवर बोट ठेवणारा. ओव्हरलॅप काढावा तर अल्फा अल्फा राहत नाही. ठेवावा तर मोटार अमेरिकेत विकता येत नाही. जांपाओलो गार्चेआ या अभियंत्याने दोन्ही राखले. कॅमशाफ्टला फिरवणारे दातेरी चाक आणि कॅमशाफ्ट यांच्यामध्ये त्यांनी तिरप्या दात्यांचा एक सरकता भाग बसवला. तो पुढे सरकला की तिरप्या दात्यांमुळे कॅमशाफ्ट आपल्या चाकाच्या तुलनेत थोडा वळतो, जसा बाटलीचा आटे असलेला बूच ढकलताना वळावा. कॅमचा आकार तोच राहिला, वेळ तेवढी पुढे-मागे झाली. इंजिन मंद असताना ओव्हरलॅप कमी, जोर हवा असताना जास्त. १९८० मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या दोन लिटरच्या अल्फा रोमिओ स्पायडरमध्ये ही यंत्रणा आली. विक्रीच्या मोटारीत व्हॉल्व्हची वेळ चालता चालता बदलण्याच्या आधुनिक पर्वाचा आरंभ येथून धरतात. १९८३ च्या अल्फेट्टाच्या एका मॉडेलने ती युरोपातही नेली.

व्हीटेकच्या चाहत्यांना हे कदाचित रुचणार नाही, पण कालक्रम स्पष्ट आहे. ही विद्या मोटारीत परतली ती शर्यतीच्या मैदानातून नव्हे, धुराड्याच्या तपासणीतून.

जपानची गोष्ट मात्र वेगळ्या वळणाची. तेथे मोटारीवरचा कर इंजिनाच्या आकारमानावर ठरतो. अमेरिकेप्रमाणे ‘मोठे इंजिन’ हे उत्तर तेथे महागात पडे, म्हणून एका लिटरमागे किती अश्वशक्ती निघते, याला बाजारात फार मोल. होंडामध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यावर इकुओ काजितानी यांच्याकडे पुढच्या इंटेग्रा मोटारीच्या इंजिनाचे काम आले. लक्ष्य होते लिटरमागे ९० अश्वशक्तीचे. होंडाच्या संशोधन विभागाचे तेव्हाचे प्रमुख नोबुहिको कावामोतो यांनी ते थेट १०० वर नेले. त्या काळच्या साध्या, टर्बो नसलेल्या रस्त्यावरच्या इंजिनासाठी हा आकडा शर्यतीच्या जगातला होता.

काजितानी यांच्या चमूने अल्फाप्रमाणे कॅमशाफ्ट वळवला नाही. त्यांनी कॅमच बदलला. एका सिलिंडरच्या दोन इनलेट व्हॉल्व्हसाठी शेजारी शेजारी तीन कॅम. बाहेरचे दोन सौम्य, मधला शर्यतीचा. प्रत्येकाला आपापला रॉकर आर्म, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारी तरफ. मंद गतीत बाहेरच्या दोन तरफा व्हॉल्व्ह उघडतात आणि मधली नुसतीच हवेत डोलते. फेरे सुमारे ५,००० च्या पुढे गेले की संगणकाच्या आदेशाने तेलाचा दाब एक खिळी आडवी ढकलतो, तिन्ही तरफा एकमेकींत अडकतात आणि मधल्या उंच कॅमच्या तालावर चालू लागतात. चालकाला हा क्षण ऐकू येतो. इंजिनाचा आवाजच पालटतो. हीच व्हीटेक. एप्रिल १९८९ च्या इंटेग्रामधील १.६ लिटरचे बी१६ए इंजिन ७,६०० फेऱ्यांवर १६० अश्वशक्ती देऊ लागले. कावामोतोंचा आकडा गाठला गेला.

तरुण वाचकांना व्हीटेक ठाऊक असते ती या आवाजासाठी. पण दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, होंडाने सिव्हिकमध्ये हीच युक्ती उलटी वापरली. व्हीटेक-ई मध्ये मंद गतीत दोनपैकी एक इनलेट व्हॉल्व्ह जवळजवळ मिटलेलाच राही. हवा एकाच दारातून घुसळत आत येई आणि विरळ मिश्रणही नीट जळे. उद्देश केवळ मायलेज. यंत्रणा एकच, एक तोंड शर्यतीकडे आणि दुसरे पेट्रोल पंपाकडे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या दुसऱ्या तोंडाची चर्चा फारच कमी होते, हे खरे तर अन्यायाचे आहे.

बाकीच्या कंपन्या झपाट्याने आल्या. बीएमडब्ल्यूने १९९२ मध्ये व्हॅनोस आणले, ते गार्चेआंच्याच तिरप्या दात्यांच्या घराण्यातले. टोयोटाची व्हीव्हीटी-आय १९९५ मध्ये क्राउन मोटारीत आली. आधीच्या यंत्रणा बहुधा दोनच स्थिती जाणत, चालू किंवा बंद. आता वेळ सलग, अंशाअंशाने सरकू लागली. आज सर्वाधिक आढळते ती रचना दिसायला साधी. कॅमशाफ्टच्या टोकाला एक डबी, तिच्यात पाकळ्यांचे चाक, आणि पाकळ्यांच्या दोन्ही बाजूंना तेलाचे कप्पे. या कप्प्यात तेल जास्त सोडले तर कॅम पुढे, त्या कप्प्यात सोडले तर मागे. किती सोडायचे हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. १८४२ च्या ड्रायव्हरच्या हातातला दांडा आता या संगणकाच्या हाती आहे.

वेळ हाती आल्यावर जुन्या कपाटातली आणखी एक वस्तू बाहेर निघाली. १८८० च्या दशकात जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रजाने ओटोच्या पेटंटला वळसा घालण्यासाठी एक इंजिन रचले होते. त्यात दांड्यांच्या गुंतागुंतीच्या जोडणीमुळे मिश्रण दाबण्याचा स्ट्रोक आखूड आणि जळल्यानंतर पसरण्याचा स्ट्रोक लांब असे. काटकसर उत्तम, पण यांत्रिक डोलारा फार. ते मागे पडले. १९९७ च्या टोयोटा प्रियसने तोच परिणाम एकही जादा दांडा न लावता साधला. इनलेट व्हॉल्व्ह मुद्दाम फार उशिरा मिटवायचा. काही मिश्रण परत इनलेटमध्ये जाते, दाबण्याचे अंतर आपोआप आखूड होते, पसरण्याचे पूर्णच राहते. मंद गतीत जो दोष मानला जाई, तोच येथे गुण झाला. अशा इंजिनाची ताकद घटते खरी. ती उणीव प्रियसमध्ये विजेची मोटार भरून काढते.

आणि मग थ्रॉटल. पेट्रोल इंजिनाने शंभर वर्षे आपला गळा आवळून वेग आवरला होता. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने ३१६टीआय या मोटारीत व्हॅल्व्हट्रॉनिक बसवले. त्यात इनलेट व्हॉल्व्ह किती उचलला जावा हे एक छोटी विजेची मोटार बदलते आणि हवेचे प्रमाण व्हॉल्व्हच ठरवतो. थ्रॉटलचा पडदा उरला, पण नेहमीच्या चालण्यात तो उघडाच राहतो. १९०३ च्या कॅडिलॅकचे तत्त्व हेच होते, आणि १८४९ च्या कॉर्लिसचेही. २००९ मध्ये फियाटनेही आपला मार्ग निवडला. मल्टिएअरमध्ये कॅम आणि इनलेट व्हॉल्व्ह यांच्यात लोखंडाऐवजी तेलाचा स्तंभ असतो. विजेवर चालणारी एक झडप ते तेल सोडून देते आणि व्हॉल्व्ह हवा त्या क्षणी मिटतो. तोराझ्झांच्या पेटंटातील तेल, जवळजवळ चार दशकांनी, त्यांच्याच कंपनीच्या विक्रीच्या इंजिनात आले.

भारतातही या यंत्रणेच्या प्रसारामागे निकषांचा रेटा आहेच. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले, आणि आज मध्यम किमतीच्या मोटारीच्या माहितीपत्रकात ‘व्हीव्हीटी’ ही तीन अक्षरे कोणी ठळकही करत नाही. यामाहाच्या आर१५ या १५५ सीसी मोटारसायकलीत २०१८ पासून इनलेटचे दोन कॅम आहेत. ७,४०० फेऱ्यांवर ती एकावरून दुसऱ्यावर जाते. जे काजितानींनी चार सिलिंडरांत केले, ते आता महाविद्यालयाबाहेर उभ्या असलेल्या दुचाकीच्या एका सिलिंडरात आहे.

या बहुतेक यंत्रणा चालतात त्या इंजिनाच्याच तेलावर, एवढे मेकॅनिक मंडळींना पक्के ठाऊक असते. तेल वेळेवर बदलले नाही तर गाळाने बारीक जाळ्या आणि छिद्रे बुजतात, पाकळ्यांचे चाक एका जागी अडकते, आणि संगणकाने सुसज्ज इंजिन पुन्हा १९०१ च्या मर्सिडीजसारखे एकाच पक्क्या वेळेवर चालू लागते. डॅशबोर्डवर दिवा लागतो तो बहुधा तेव्हाच.